‘ब्रोकन’ कुठे चालतं, कुठे नाही: मोडलं, तुटलं, फुटलं यांचं इंग्रजी

मे महिन्यातल्या एका वादळानंतर रावेरकडचे एक आप्पा भुसावळला माझ्या वर्गात आले. मी संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेते. मुलं यायची होती, म्हणून आप्पा पुढच्याच बाकावर बसले आणि मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, “मॅडम, एवढं तपासून द्या. निर्यातवाल्यांना पाठवायचंय.” मजकूर एवढाच होता: ‘ऑल बनाना ब्रोकन. प्लीज हेल्प.’

खाली फोटो होते. केळीचे खांब कमरेत मोडून आडवे झालेले, पण घड खांबालाच लागून, हिरवेगार, भरलेले. मी विचारलं, “आप्पा, केळी फुटली का?” ते म्हणाले, “नाही हो, माल चांगला आहे. कटाईला आलेलाच होता. खांब मोडले. दोन दिवसांत उचलला तर सगळा जाईल.”

पण इंग्रजीतून वाचणाऱ्याला कळलं असतं ते असं, की केळी चेचली गेली, माल संपला. आप्पांना सांगायचं होतं नेमकं उलट. आम्ही मजकूर बदलला: ‘द विंड स्नॅप्ड द प्लँट्स. द बंचेस आर नॉट डॅमेज्ड. प्लीज कलेक्ट देम विदिन टू डेज.’ म्हणजे वाऱ्यानं खांब मोडले, घडांना धक्का नाही, दोन दिवसांत उचला. बारीक, उभी वस्तू कडकन मोडते तेव्हा ‘स्नॅप’ बसतं. केळीच्या खांबात लाकूड नसतंच, पानांची बुडं एकावर एक गुंडाळून तो उभा असतो. त्याला हे क्रियापद अगदी शोभतं.

त्या दिवसापासून मी ‘ब्रोकन’ हा एक शब्द पूर्ण दोन तास शिकवते. हा लेख म्हणजे तेच दोन तास.

आधी मराठीत ठरवा

आपली चूक इंग्रजीत होतच नाही, ती त्याआधी होते. आपण मराठीत नेमकं बोलतो आणि इंग्रजीत शिरताना तो नेमकेपणा दारात ठेवून जातो. काच फुटते, दोरी तुटते, हाड मोडतं, सदरा फाटतो, शिवण उसवते, मिक्सर बिघडतो, भाजी सडते, दूध नासतं, चप्पल झिजते. कोणी ‘दोरी फुटली’ म्हणालं तर चार वर्षांचं पोरही हसेल. अहिराणीतही तेच: काच फुटी गयी, दोर तुटी गया, खाट मोडी गयी. घराघरात रोज पाळला जाणारा हा भेद आपण इंग्रजीत मात्र एका ‘ब्रोकन’मध्ये कोंबतो.

म्हणून पहिली पायरी अशी: वाक्य इंग्रजीत जुळवायच्या आधी मनात मराठी क्रियापद म्हणा. ते ऐका, आणि मग पुढचं वाचा.

‘मोडणे’ असेल तर बहुतेक वेळा निर्धास्त ‘ब्रोकन’ वापरा. हाड, खुर्ची, काडी, कुलूप, वचन, नियम, मन, झोप, सगळं त्यात येतं. इंग्रजी ‘ब्रेक’ आणि मराठी ‘मोडणे’ यांचा संसार थक्क करण्याइतका सारखा आहे. आपण पाचशेची नोट मोडतो, इंग्रजही नोट ‘ब्रेक’ करतो. आपण एफडी मोडतो, आणि बँकेत ‘ब्रेक द एफडी’ म्हटलं तर सगळ्यांना कळतं. लेखी अर्जात मात्र ‘प्रीमॅच्युअर विड्रॉवल’ लिहा. एकाच ठिकाणी जपा: मोड आलेली मटकी ‘ब्रोकन’ नसते, ती ‘स्प्राउटेड’.

‘फुटणे’ असेल तर वस्तू कडक आहे का ते बघा. काच, कप, मडकं, अंडं, पाटी ही सगळी ‘ब्रोकन’. आतून दाब येऊन फुटलं, म्हणजे फुगा, टायर, पाण्याचा पाइप, तर ‘बर्स्ट’. कालव्याचा बांध फुटला तर ‘ब्रीच्ड’. ओठ फुटले तर ‘चॅप्ड’. आणि परीक्षेचा पेपर फुटला तर ‘लीक्ड’. माझ्या एका विद्यार्थ्यानं मुलाखतीत ‘द पेपर वॉज ब्रोकन’ सांगितलं होतं. समोरच्यांना वाटलं, उत्तरपत्रिकेचे तुकडे झाले.

‘तुटणे’ अर्धं आत, अर्धं बाहेर. वायर, साखळी, चपलेचा अंगठा ‘ब्रोकन’ चालतात. पण सदऱ्याचं बटण तुटलं म्हणजे आपल्या मनात बटण निघून पडलेलं असतं. इंग्रजीत ‘द बटन इज ब्रोकन’ म्हणजे बटणाचेच दोन तुकडे झाले. शिंप्याला किंवा ऑनलाइन दुकानाला सांगायचं तर ‘द बटन हॅज कम ऑफ’. फोनवर बोलता बोलता लाइन तुटली तर ‘द कॉल ड्रॉप्ड’.

‘बिघडणे’ असेल तर वस्तू कुठली आहे ते बघा. हातातल्या, घरातल्या वस्तू ‘ब्रोकन’ चालतात: फोन, चार्जर, घड्याळ, रिमोट. सार्वजनिक वस्तू, म्हणजे लिफ्ट, एटीएम, तिकिटाचं यंत्र, ‘आउट ऑफ ऑर्डर’. गाडी वाटेत बंद पडली तर ‘ब्रोकन डाउन’. त्यात ‘डाउन’ विसरू नका, नाहीतर एसटीचे तुकडे झाल्यासारखं ऐकू येईल. विहिरीवरची मोटर जळली तर ती ‘बर्न्ट आउट’. गाडीचे ब्रेक लागले नाहीत तर ‘द ब्रेक्स फेल्ड’. इथे स्पेलिंगही सांभाळा: गाडीचा ब्रेक बी-आर-ए-के-ई आणि मोडण्याचा ब्रेक बी-आर-ई-ए-के. उच्चार एकच, म्हणून चूक कानाला कळत नाही, कागदावर दिसते.

उरलेल्यांना ‘ब्रोकन’ लावूच नका. फाटलं ते ‘टॉर्न’. शिवण उसवली तर ‘द सीम हॅज कम अपार्ट’. झिजलं ते ‘वॉर्न आउट’. सडलं ते ‘रॉटन’. दूध फाटलं ते ‘कर्डल्ड’. ‘टॉर्न मिल्क’ असं काही नसतं. चरा पडला तर ‘स्क्रॅच्ड’. डब्याला पोचा आला तर ‘डेंटेड’. केळीवर दाबाचा काळा डाग पडला तर ‘ब्रूझ्ड’. हा शेवटचा शब्द फळांच्या व्यवहारात सोन्याच्या मोलाचा आहे, तो पाठच करा.

तडा आणि टवका

ही पायरी मी माझ्याच नुकसानीतून शिकले. मी एकदा मिक्सर मागवला. खोकं उघडलं, मशीन ठणठणीत, पण भांड्याला कडेपासून तळापर्यंत केसासारखी बारीक चीर. पाणी भरलं की थेंब थेंब झिरपायचं. मी तक्रारीत लिहिलं, ‘द मिक्सर इज ब्रोकन.’ उत्तर आलं: प्लग नीट बसवला आहे का पाहा, खालचं लाल बटण दाबा, पुन्हा चालू करा. मी पुन्हा तेच लिहिलं. मग घरी माणूस आला, त्यानं मशीन चालवून पाहिलं, ‘वर्किंग’ असं लिहिलं आणि गेला. त्याची चूक नव्हती. यंत्राला ‘ब्रोकन’ म्हटलं की ऐकणारा ‘चालत नाही’ असंच समजतो. आठ दिवस गेले.

मी लिहायला हवं होतं: ‘द जार अराइव्ह्ड क्रॅक्ड. इट लीक्स. द मोटर वर्क्स.’ भांड्याला तडा होता, ते तसंच पोचलं, ते गळतं, मोटर चालू आहे. वाक्यं बारकी, पण सगळं कळतं.

म्हणून तुकडे वेगळे झाले नसतील तर ‘ब्रोकन’च्या आधी थांबा. तडा गेला आणि वस्तू अजून एकसंध आहे, तर ‘क्रॅक्ड’. कपाच्या कडेचा टवका उडाला, तर ‘चिप्ड’. दाताचा कोपरा उडाला तरी ‘चिप्ड’च. काचेचा चुराडा झाला, तर ‘शॅटर्ड’. मोबाइलच्या काचेला जाळं पडलं पण फोन चालतो, तर ‘द स्क्रीन इज क्रॅक्ड, बट द फोन वर्क्स.’ फोन दुरुस्तीचे पैसे या वाक्यावर ठरतात, म्हणून ते पूर्ण बोला.

ठिबकची नळी हे माझ्या वर्गातलं आवडतं उदाहरण, कारण निम्म्या मुलांच्या शेतात ती आहे. नळी खुरप्यानं कापली गेली तर ‘कट’. उंदरानं कुरतडली तर ‘च्यूड’. उन्हानं ठिसूळ होऊन चिरली तर ‘क्रॅक्ड’. जोडातून निसटली तर ‘कम लूज’. चारही वेळा पाणी वायाच जातं, पण दुकानदार नळी बदलून देईल का हे कारणावर अवलंबून असतं. ‘ब्रोकन’ म्हटलं तर कारण लपतं.

आहे की झालं की केलं

ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. तीन रूपं सगळ्यांना पाठ असतात, वापर मात्र घसरतो.

‘द चेअर इज ब्रोकन’: खुर्ची मोडकी आहे. केव्हा, कोणी, काही सांगितलेलं नाही. ‘द चेअर ब्रोक’: खुर्ची मोडली. आपोआप, बसल्यावर, कशीही. ‘ही ब्रोक द चेअर’: त्यानं मोडली. इथे माणूस आला, म्हणजे जबाबदारी आली. हॉस्टेलच्या रेक्टरला चिठ्ठी लिहिताना पहिलं की तिसरं वाक्य लिहायचं, याचा विचार करूनच लिहा.

एका ठिकाणी मात्र इंग्रजी आपल्याला चकवतं. ‘माझा पाय मोडला’ याचं सहज इंग्रजी ‘आय ब्रोक माय लेग’ असं होतं. मुलांना हे पटत नाही. मी कशाला माझा पाय मोडू? पण इंग्रजीत अपघातालाही हीच रचना आहे, त्यात मुद्दामपणा नसतो. ‘माय लेग इज ब्रोकन’ हेही बरोबर, ते आत्ताची स्थिती सांगतं. ‘माय लेग हॅज ब्रोकन’ मात्र कोणी म्हणत नाही.

शरीराबद्दल आणखी एक काळजी. मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत ‘हात’ आणि मांडीपासून तळव्यापर्यंत ‘पाय’ म्हणून चालतं. इंग्रजीत ‘हँड’ मनगटाच्या पुढे आणि ‘आर्म’ त्याच्या वर. ‘फूट’ घोट्याच्या खाली आणि ‘लेग’ त्याच्या वर. विम्याच्या कागदावर ‘ब्रोकन हँड’ आणि एक्स-रेच्या अहवालात कोपराजवळचं हाड, असं झालं तर कागद परत येतो. डॉक्टर लिहितील ‘फ्रॅक्चर’. तोच अर्थ, आणि अर्जात तोच शब्द उतरवून काढा.

त्वचा ‘ब्रोकन’ असते तेव्हा

हा अर्थ पाठ्यपुस्तकात क्वचित येतो, पण सगळ्यात जास्त गरज याचीच आहे. ‘ब्रोकन स्किन’ म्हणजे मोडलेली कातडी नव्हे. खरचटलेली, चिरलेली, सोललेली, उघडी पडलेली त्वचा. मलमाच्या नळीवर ‘डू नॉट अप्लाय ऑन ब्रोकन स्किन’ असतं, म्हणजे जखमेवर लावू नका. याचा विरुद्ध शब्द ‘इनटॅक्ट’, म्हणजे कुठेही न उघडलेली, धड.

रेबीजबाबत जागतिक आरोग्य संघटनेनं केलेल्या वर्गवारीत या दोन शब्दांवर उपचार बदलतात. धड त्वचेवर प्राण्यानं चाटलं तर ते पहिल्या गटात येतं, त्याला लस लागत नाही. ‘ब्रोकन स्किन’वर चाटलं तर तेच तिसऱ्या गटात जातं, म्हणजे लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दोन्ही. मेडिकलच्या दुकानात काम करणारी दोन मुलं माझ्या वर्गात आहेत. त्यांना मी हे पुन्हा पुन्हा विचारते, कारण काउंटरवर उभ्या असलेल्या मावशीला सूचना वाचून दाखवणारे तेच असतात. लेकराच्या पायाला खरचटलं होतं आणि तिथेच कुत्र्यानं चाटलं, असं कोणी सांगितलं तर “चावलं तर नाही ना?” एवढ्यावर थांबू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायला सांगा आणि लगेच दवाखान्यात पाठवा.

दाण्याचा बाजार: तुकडा, डाळ आणि अक्षता

जळगाव डाळ मिलचं गाव. तिथल्या पोत्यांवरचं इंग्रजी वाचायचं तर ‘स्प्लिट’ आणि ‘ब्रोकन’ वेगळे ठेवावे लागतात. तुरीचा दाणा भरडून त्याच्या दोन नीट पाकळ्या झाल्या की ती डाळ, ‘स्प्लिट’. पाकळीचेही तुकडे झाले की तो तुकडा किंवा चुरी, ‘ब्रोकन’. भावात फरक पडतो. ‘ब्रोकन तूर’ म्हणून डाळ विकायला गेलात तर समोरचा चुरीचा भाव लावेल.

तांदळात ‘ब्रोकन राइस’ म्हणजे कणी. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२२ मध्ये कणीच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा इंग्रजी बातम्यांत हा शब्द रोज यायचा. पाकिटावरचं ‘ब्रोकन व्हीट’ म्हणजे दलिया, लापशीचा रवा. तो मुद्दामच भरडलेला असतो, त्यात खोट नाही. चहाच्या खोक्यावर ‘ब्रोकन ऑरेंज पेको’ असेल तर तीही तक्रार नव्हे, तुकडे झालेल्या पानांच्या चहाची ती प्रतवारी आहे.

आणि ‘अनब्रोकन’? त्याला आपल्याकडे दोन सुरेख शब्द आहेत. लग्नात आपण टाकतो त्या अक्षता. अ-क्षत, म्हणजे इजा न झालेला, अख्खा दाणा. म्हणून घरातली मोठी बाई आदल्या दिवशी तांदूळ निवडून कणी बाजूला काढते. दुसरा शब्द ‘अखंड’. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. ‘अनब्रोकन’ शब्दात तोच खंड न पडण्याचा अर्थ आहे. ‘अनब्रोकन रेकॉर्ड’, ‘अनब्रोकन स्लीप’ हे वाचाल तेव्हा वीणा आठवा, भाषांतर करावं लागणार नाही.

जे हातात धरता येत नाही

इथे मराठी आणि इंग्रजी पुन्हा जवळ येतात, म्हणून मी भरभर सांगते. ‘ब्रोकन प्रॉमिस’ मोडलेलं वचन. ‘ब्रोकन स्लीप’ झोपमोड, अधूनमधून तुटलेली झोप. ‘ब्रोकन हार्ट’ मोडलेलं मन. ‘ब्रोकन लाइन’ तुटक रेघ. महामार्गावर मधोमध तुटक पांढरी रेघ असेल तर समोरचा रस्ता मोकळा पाहून ओलांडून पुढे जाता येतं, सलग असेल तर ओलांडू नये. ‘ब्रोकन लिंक’ म्हणजे दाबल्यावर पान न उघडणारी लिंक. कोणी सारखं तेच तेच बोलत असेल तर तो ‘ब्रोकन रेकॉर्ड’, जुन्या तबकडीची सुई अडकावी तसा. हवामानाच्या भाषेत ‘ब्रोकन’ म्हणजे आकाशाच्या आठ भागांपैकी पाच ते सात भाग ढगांनी व्यापलेले. विमानतळाच्या हवामान नोंदीत हा शब्द येतो.

‘आय अ‍ॅम ब्रोक’ आणि ‘आय अ‍ॅम ब्रोकन’ यांत मात्र गल्लत नको. पहिल्याचा अर्थ खिशात दमडी नाही. तोही बोलण्यातला, अर्जात लिहायचा नाही. दुसऱ्याचा अर्थ मी आतून खचलो आहे. मित्राचा असा मेसेज आला तर शेवटचं अक्षर नीट वाचा आणि ‘ब्रोकन’ असेल तर पैसे पाठवू नका, फोन करा.

माणसांना हा शब्द लावताना हात आखडता घ्या. आईवडील वेगळे राहतात अशा मुलाबद्दल ‘ब्रोकन होम’ म्हणतात, पण त्या मुलासमोर किंवा त्याच्या शाळेच्या अर्जात ते लिहू नका. ‘हिज पेरेंट्स लिव्ह सेपरेटली’ पुरेसं आहे.

आणि ‘ब्रोकन इंग्लिश’, मोडकंतोडकं इंग्रजी. खेड्यातून येणारी मुलं मुलाखतीला बसताच पहिलं वाक्य हेच म्हणतात: ‘सॉरी सर, माय इंग्लिश इज ब्रोकन.’ मला याचा मनापासून त्रास होतो. ज्या मुलीनं यावलहून रोज एसटीनं येऊन वर्षभर हे शिकून घेतलं, तिनं पहिल्याच श्वासात माफी का मागावी? म्हणायचंच असेल तर ‘आय अ‍ॅम स्टिल लर्निंग’ म्हणा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.

नुकसानीचा अर्ज लिहिताना

‘डॅमेज’ला कधीच ‘एस’ जोडू नका, जोपर्यंत तुम्हाला कोर्टातली भरपाई म्हणायची नाही. ‘डॅमेज’ म्हणजे नुकसान, ‘डॅमेजेस’ म्हणजे नुकसानभरपाईची रक्कम. ‘देअर आर मेनी डॅमेजेस टू माय क्रॉप’ हे वाक्य मी असंख्य अर्जांत पाहिलं आहे. ‘देअर इज हेवी डॅमेज टू माय क्रॉप’ असं हवं.

मग क्रम असा ठेवा. आधी वस्तूचं नाव, लगेच तिचा कोणता भाग, मग नुकसानीचा प्रकार, वर आपण पाहिलेल्या शब्दांतून निवडलेला. त्यानंतर केव्हा लक्षात आलं. पार्सल असेल तर ‘अराइव्ह्ड’ हा शब्द आणा: ‘टू कप्स अराइव्ह्ड ब्रोकन.’ दोन कप पोचले तेच फुटलेले. घरी आल्यावर फुटले नाहीत, हे त्या एका शब्दात येतं. धड काय आहे तेही लिहा. त्यानं तुमच्यावरचा विश्वास वाढतो. शेवटी काय हवं ते: बदलून हवं तर ‘रिप्लेसमेंट’, पैसे परत हवे तर ‘रिफंड’, दुरुस्ती हवी तर ‘रिपेअर’. तिन्ही एकत्र मागू नका.

फोटोही याच क्रमानं काढा, आधी पूर्ण वस्तू, मग तो भाग जवळून.

सरावासाठी

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करून बघा. वहीत लिहा, मनातल्या मनात नको.

सायकलची चेन तुटली. छत्रीची काडी मोडली. छत्री फाटली. वाऱ्यानं पत्रा उडाला. भरताची वांगी सडली. मुलाच्या चपलेचा तळ झिजला. पाण्याची टाकी गळते. रात्री तीनदा लाइट गेल्यानं झोपमोड झाली.

आता जुळवून पाहा. चेन ‘ब्रोक’, सरळ. छत्रीची काडी ‘ब्रोकन’, पण कापड ‘टॉर्न’. एकाच छत्रीला दोन शब्द लागले, हेच मला दाखवायचं होतं. पत्रा ‘ब्रोकन’ नाही, ‘द विंड ब्लू द शीट ऑफ द रूफ’. वांगी ‘रॉटन’. तळ ‘वॉर्न आउट’. टाकी ‘इज लीकिंग’; तडा दिसत असेल तरच ‘क्रॅक्ड’ जोडा, न पाहता नाही. झोपेसाठी ‘आय हॅड ब्रोकन स्लीप बिकॉज द पॉवर वेंट आउट थ्री टाइम्स.’ इथे ‘लाइट’ला ‘पॉवर’ केलं ते बघा; ‘द लाइट वेंट’ म्हटलं तर बाहेरच्या माणसाला एक दिवा विझला असं वाटतं.